महागू कोटवाराचं बयान

मध्य प्रदेशात, बालाघाटच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली माझं टेबल आहे. एकतीस वर्षं झाली, लोकांचे अर्ज टाइप करतो. आधी टाइपरायटर होता, आता मुलीने घेऊन दिलेला लॅपटॉप आहे. समोर बसलेला माणूस किती खोटं सांगणार ते मला पहिल्या दोन वाक्यांत कळतं आणि त्याचा मला रागही येत नाही. मुकाट्याने टाइप करतो. राग आला तो एकाच माणसाचा, महागू मेश्रामचा, कारण तो काहीच खोटं सांगायला तयार नव्हता.

महागू सोनबोडीचा कोटवार. आमच्याकडे कोटवार म्हणजे गावचा राखणदार आणि सरकारचं तोंड. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, कोण परका येऊन राहिला, हे त्याने वर कळवायचं आणि वरचा हुकूम खाली गावात ओरडून सांगायचा. त्या ओरडण्याला आम्ही मुनादी म्हणतो. बाप कोटवार होता म्हणून हा कोटवार झाला. कामाच्या बदल्यात दोन एकर धानाची जमीन कसायला मिळते, काम गेलं की जमीनही जाते. वय एकसष्ट, अंगाने काटकुळा, डावा गुडघा निकामी होत आलेला. पण आवाज असा खणखणीत की माझ्या टेबलापाशी तो हळू बोलला तरी पलीकडचा चहावाला मान वळवून बघायचा.

मुनादीचा त्याचा एकच नियम होता. वरून जे शब्द आले तेच सांगायचे, एक वाढवायचा नाही, एक गाळायचा नाही. एकदा कुठल्याशा शिबिराची तारीख लिहिणाऱ्याच्या चुकीने तीस फेब्रुवारी अशी आली. महागूने तीस फेब्रुवारीच ओरडून सांगितली. गाव पोट धरून हसलं. तो म्हणाला, "तारीख सायबाची हाय. आवाज तेवढा माझा हाय." पुढे पोरं त्याला 'तीस फरवरी' म्हणून चिडवायची, पण कोटवार सांगतो ते खरं, याबद्दल कुणाला शंका नव्हती. हुकुमाचा कागद वाचता येणारी माणसंसुद्धा कागद बाजूला ठेवून त्याला विचारायची.

पूर्वी मुनादीआधी तो डफडं वाजवायचा. मग नागपूरला कामाला असलेला त्याचा मुलगा राकेश आणि शेजारच्या नवाटोला वस्तीतली तरुण पोरं त्याच्या मागे लागली. आपल्या माणसांनी आता गावासमोर डफडं बडवत फिरायचं नाही, बाबासाहेबांनी ते कधीच सोडायला सांगितलंय, हे त्यांचं म्हणणं. महागूला ते पटलं. पंचायतीने त्याला बॅटरीवर चालणारा भोंगा घेऊन दिला. तेव्हापासून डफडं घरात खुंटीला लटकलं आणि फक्त एका कामासाठी खाली येऊ लागलं. ते काम म्हणजे वाघ.

सोनबोडी लांजीच्या वरच्या अंगाला, जंगलाला चिकटून आहे. वाघ दिसला की कोटवार डफडं वाजवतो आणि ऐकणाऱ्यांना काय करायचं ते लहान लेकरालाही ठाऊक असतं. डफडं जिकडे वाजतंय तिकडे वाघ आहे. हातातलं टाकायचं आणि सगळ्यांनी मिळून उलट्या दिशेला निघायचं, हाक मारायची नाही, थांबायचं नाही. या नियमाने माणसं वाचली आहेत.

मागच्या लोकसभेला आमच्या जिल्ह्यात असं वारं होतं की पानठेल्यावरही माणसं दबून बोलत. एकीकडे राइस मिलवाला, दुसरीकडे वकील. दोघांत इतकी अटीतटीची होती की एकेका टोल्याची मतं मोजली जात होती. सोनबोडीपासून वेगळा वसलेला नवाटोला वकिलाचा, हे सगळ्यांना माहीत होतं. जंगलातून लाकूड आणल्याच्या खटल्यात टोल्याचे बारा जण अडकले होते, ती केस वकिलाने फुकट लढवून त्यांना सोडवलं होतं. टोल्याची मतं एकशे छत्तीस. ती कशी फोडायची हे राइस मिलवाल्याच्या माणसांना सुचत नव्हतं. फोडायची गरज नाही, हे त्यांच्यातल्या एकाला सुचलं असावं. त्याचं नाव दुलीचंद. गावात मिलसाठी धान गोळा करायचं काम तोच बघायचा.

मतदान शुक्रवारी होतं. मंगळवारी पंचायतीत हुकूम आला, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. महागूने भोंगा घेतला, गावात सांगितलं आणि टोल्याला सांगायला जंगलात गेला. जंगलात अशासाठी, की मोहाचे दिवस होते. पहाटेपासून मोह टपटप गळतो, तो उचलायचा, वाळवायचा, राखायचा. त्यामुळे पंधरा दिवस सगळा टोला झाडांखाली पालापाचोळ्याच्या झोपड्या घालून राहतो. महागूची बायको चंपाबाईही तिथेच होती, आपल्या भावजयीबरोबर. तिथे मोबाइलला रेंज नाही. महागूने झाडाझाडाखाली जाऊन सांगितलं, "शाम छह बजे तक." लोक म्हणाले, बरं झालं, ऊन उतरलं की पाचला सगळे मिळून येऊ.

बुधवारी नवा हुकूम आला. जंगलपट्टीतल्या गावांत मतदान चार वाजताच बंद होणार, कारण पेट्या आणि कर्मचारी उजेडात परत न्यायचे असतात. महागूने गावात चारची मुनादी केली. आता पुन्हा तीन किलोमीटर जंगल. दुपारचे बारा, गुडघा सुजलेला. पंचायतीच्या पायरीवर तो पट्टी बांधत बसला होता तेव्हा दुलीचंद मोटरसायकल घेऊन आला.

"मामा, या उन्हात कुठं मरायले चालले? मी तिकडंच चाललो, मोहाचा भाव बोलायले. द्या तो भोंगा. सांगतो मी."

महागूने आयुष्यात पहिल्यांदा आपली मुनादी दुसऱ्याच्या तोंडात दिली. चार वाजता दुलीचंदचा निरोप आला, "झालं, मामा." पंचायतीच्या रजिस्टरात 'गाव व टोला, मुनादी केली' असं लिहिलेलं होतं, त्याच्यापुढे महागूने सही केली. भोंगा मागितला तर दुलीचंद म्हणाला, चार्जिंगला लावलाय, उद्या देतो.

गुरुवारी मतदानाची माणसं आली, बंदुकवाले जवान आले. पाणी भर, कंदील दे, खाटा आण, यात महागूला मान वर करायला सवड नव्हती. भोंगा आला नाही. शुक्रवारी सकाळी शाळेत मतदान सुरू झालं तेव्हा तो दारापाशी माठाजवळ उभा होता. गावची माणसं आली, गेली. दहा वाजले, बारा वाजले. टोल्याचं कोणीच नाही. त्याने मनाची समजूत घातली की मोह वाळवून येतील. एक वाजता मैदान रिकामं झालं. दोन जवान सावलीत बसले होते, केंद्रावरचे साहेब जांभया देत होते. महागू दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन जंगलाच्या वाटेकडे बघून आला.

दोन वाजता टोल्याची अनुसयाबाई काठी टेकत एकटीच आली. बाकीच्यांच्या चालीने चालवत नाही म्हणून ती आधी निघाली होती.

महागूने विचारलं, "काकी, बाकीचे कुठं हायेत?"

"येतीन नं पाचले. काहून, सहापर्यंत हाय म्हणून तूच तं सांगतलं."

"दुलीचंद आलता का परवा? चार वाजताचं सांगतलं का त्यानं?"

"कोन दुलीचंद? कोनीच नाही आलं, बापा."

शाळेपासून दूर राइस मिलवाल्याच्या माणसांचं टेबल होतं. दुलीचंद तिथे ताक पीत होता. महागू समोर जाऊन उभा राहिला तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. "अरे मामा! पार विसरलो पाहा." आणि तो हसला. महागू म्हणाला, गाडीवर घेऊन चला, अजून दोन घंटे हायेत. दुलीचंद म्हणाला, गाडीत पेट्रोल नाही. भोंगा द्या. भोंगा घरात, घराला कुलूप, बायको चावी घेऊन माहेरी गेलेली. टेबलावरचे दोघे मान खाली घालून यादी चाळत होते. गावातल्या दुसऱ्या कुणाची गाडी मिळते का, म्हणून महागूने तीन दारं वाजवली. एकाने खिडकीतून बघितलं, पण दार उघडलं नाही. त्या दिवशी कुणालाच कुणाच्या भानगडीत पडायचं नव्हतं.

तेव्हा महागूने ड्यूटी सोडली. घरी गेला. अर्धा मैल पसरलेल्या झाडांखाली विखुरलेली माणसं नुसत्या आवाजाने भर दुपारच्या उन्हात गोळा होणार नाहीत, हे त्याला कळत होतं. त्याने खुंटीवरचं डफडं काढलं.

पुढे माझ्या टेबलाशी मी त्याला विचारलं, "अरे, डफडं म्हणजे वाघ, हे तुला माहीत नव्हतं का?"

"होतं नं, बाबूजी. पन मी वाजवतो हे पाहून येतीन, मंग तोंडानं सांगीन, असं वाटलं. डोस्कं चाललंच नाही."

जंगलाच्या तोंडाशी पोचल्यावर तो डफडं वाजवू लागला. वाजवत, ओरडत, लंगडत तो आत शिरला. "चार बजे तक! चार बजे तक!" पण डफड्यापुढे शब्द कुणाला ऐकू जातात? पहिल्या झाडाखाली पोचला तर टोपलीतला मोह सांडलेला होता, चूल पेटती होती आणि माणूस नव्हता. दुसऱ्या झाडाखाली लुगडं वाळत होतं. तिसऱ्या झाडाखाली पाळणा हलत होता, रिकामा. तो जितका पुढे जाई आणि जितक्या जोराने वाजवी तितका टोला त्याच्यापासून दूर पळत होता, गावाच्या उलट दिशेला, मतदानाच्या उलट दिशेला. त्याला पुढे पळवणारा तो स्वतःच होता. हे ध्यानात आलं तेव्हा त्याने डफडं खाली टाकलं. त्या शांततेची त्याला वाघापेक्षा जास्त भीती वाटली, असं तो म्हणाला.

माणसं सापडली तेव्हा सव्वातीन होऊन गेले होते. नाल्यापलीकडच्या खडकावर सगळी दाटीने उभी होती, लेकरं मध्ये, बायका भोवती, बाहेर कुऱ्हाडी घेतलेले गडी. चंपाबाईने नवऱ्याला बघून ऊर बडवला. तिला वाटलं, वाघ याच्या मागे लागलाय. वाघ नाही हे पटवण्यात दहा मिनिटं गेली. मग जो तो धावत सुटला. चारला शाळेचं फाटक बंद झालं तेव्हा आत रांगेत टोल्याची एकवीस पोरं उभी होती. त्यांना वेळेत आल्याच्या चिठ्ठ्या मिळाल्या, त्यांचं मत झालं. बाकीची माणसं, म्हातारी, लेकुरवाळी, चंपाबाईसुद्धा, सव्वाचारला फाटकाशी आली. जवानाने हात आडवा धरला. कोणी भांडलं नाही. उन्हातून धावून आलेली शंभरावर माणसं फाटकाच्या गजांना धरून नुसती उभी राहिली, पेट्या गाडीत चढेपर्यंत.

निकाल दीड महिन्याने लागला. दिवसभर कधी हा पुढे, कधी तो. शेवटी वकील त्र्याहत्तर मतांनी पडला. इतक्या मोठ्या मतदारसंघात त्र्याहत्तर! अनुसयाबाई आणि ती एकवीस पोरं सोडली तर टोल्याची चुकलेली मतं एकशे चौदा होती.

त्यानंतर नवाटोल्यात महागूला कोणी पाणी विचारलं नाही. कोटवार विकला गेला, असं लोक उघड म्हणत नव्हते, पण तो आला की बोलणं थांबायचं. 'तीस फरवरी' म्हणून चिडवणंही बंद झालं. वकिलाने तक्रार केली आणि चौकशी लागली. बयान लेखी आणायचं होतं म्हणून ऑगस्टमधल्या एका सकाळी महागू चंपाबाईला घेऊन माझ्या टेबलाशी आला.

मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालो, "महागूभाऊ, सोपं आहे. दुलीचंदने मुनादी करतो म्हणून भोंगा नेला आणि केली नाही, एवढंच लिहू. डफड्याचं नाव काढायचं नाही."

"पन वाजवलं तं होतं."

"कुणी विचारलंय तुला? विचारलं तेव्हा बघू."

"नाही, बाबूजी. झालं ते सारंच लिवा. रजिस्टरात सही केली ती बी लिवा. अर्धं सांगतलं तं ते माझं बयान नाही."

मी चिडलो. म्हणालो, "अरे बाबा, ही मुनादी नाही! इथे गाळायचं असतं!" चंपाबाई म्हणाली, "लिवा नं, बाबूजी. खरं हाय तं कायले भ्याचं?" मला त्या दोघांचा असा संताप आला की मी खाडखाड सगळं टाइप केलं आणि कागद त्याच्यापुढे फेकला. आज वाटतं, हात आवरायला हवा होता. टायपिंग माझं होतं, लॅपटॉप माझा होता, वीज गेली म्हणून सांगता आलं असतं.

तेवढ्यात दुलीचंद आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, सोबत एक काळ्या कोटातला. त्याने महागूला वाकून नमस्कार केला, चंपाबाईला 'मामी' म्हणाला, सगळ्यांसाठी चहा सांगितला.

"मामा, काहून या वयात तरास करून घेता? मी काय म्हटलं होतं, काय नाही, कोनाले ठावं? भोंग्याचं कोनी पाह्यलं नाही." मग ग्लासातला चहा हलवत तो हळूच म्हणाला, "डफडं मात्र साऱ्यांनी ऐकलं."

त्याने महागूच्या हातातल्या कागदाकडे एकदा नजर टाकली आणि उठून गेला. त्याचा चहा तसाच राहिला. मी पुन्हा म्हणालो, अजून वेळ आहे, दुसरा कागद काढतो. महागूने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

चौकशीच्या खोलीत मी त्यांच्याबरोबर गेलो, मला कोणी अडवत नाही. साहेब तरुण होते, सभ्य होते, त्यांनी महागूला खुर्ची दिली. कागद वाचला. रजिस्टर उघडून सही दाखवली, ही तुमची का? महागू हो म्हणाला. दुलीचंदला विचारलं. तो म्हणाला, भोंगा मी नेलाच नाही, साहेब, पंचायतीत विचारा. पंचायतीचा माणूस म्हणाला, भोंगा कपाटात आहे. मग काळा कोट उठला आणि अदबीने म्हणाला की मतदारांना केंद्रापासून पळवलं कुणी, एवढंच विचारावं, टोल्याचे लोक बाहेर आहेत. सहा जण एकामागून एक आत आले. डफडं ऐकलं? ऐकलं. वाजवत कोण होतं? कोटवार. मग काय केलं? पळालो. कोणी खोटं बोललं नाही. त्यातला एकजण बाहेर जाताना महागूच्या पायाशी थुंकायला वाकला आणि साहेब बघतायत म्हणून थांबला.

शेवटी चंपाबाई. साहेबांनी तिलाही बसायला सांगितलं, ती उभीच राहिली.

"आप इनकी पत्नी हैं?"

"हौ."

"उस दिन डफड़ा सुना था आपने?"

"हौ."

"आपके यहाँ डफड़ा कब बजाते हैं?"

चंपाबाईने नवऱ्याकडे बघितलं. ती 'आठवत नाही' म्हणाली असती तरी काही बिघडलं नसतं, बाईमाणूस, कोणी ताणलं नसतं. महागूने तिच्याकडे बघून मान हलवली. सांग, अशी.

"शेर आता है तब," ती स्पष्ट म्हणाली.

"तो आप लोग शेर के डर से भागे?"

"हौ."

साहेबांनी लेखनिकाला मजकूर सांगितला. मतदान दिवस पर कर्तव्य त्यागकर, वन्यप्राणी का भय उत्पन्न कर, मतदाताओं को मताधिकार से वंचित किया. पदमुक्ती आणि पोलिसांत प्रकरण, अशी शिफारस. सगळं त्या कचेरीच्या हिंदीत, जी हिंदी घरात कोणी बोलत नाही. चंपाबाईला त्यातलं काही कळलं नाही. महागूला शब्द न् शब्द कळला. चाळीस वर्षं तो हीच भाषा पाठ करून गावाला सांगत आला होता. मजकूर संपला तेव्हा त्याचे ओठ हलत असलेले मला दिसले.

आम्ही व्हरांड्यात आलो. दुलीचंदची गाडी फाटकातून बाहेर पडत होती. चंपाबाईने पदराने तोंड पुसलं. इतक्या मोठ्या साहेबासमोर न अडखळता बोललो याचा तिला थोडा अभिमान वाटत होता, तो तिच्या तोंडावर दिसत होता.

"बराबर सांगतलं नं म्या?" तिने विचारलं.

"हौ," महागू म्हणाला. "बराबर सांगतलं."